निर्धूर घर

आमचे ग्रेशम कुठलाही फॉर्म पूर्ण भरतात. एवढं एक सोडलं तर त्यांच्यात नाव ठेवायला जागा नाही. दारू नाही, जुगार नाही, मोठ्यानं बोलणं नाही. पण समोर छापील कागद आला की त्यातला एकही रकाना त्यांना रिकामा बघवत नाही. आमच्या लग्नाच्या नोंदणीत ‘इतर माहिती’ असा रकाना होता. तिथे जागा उरली म्हणून त्यांनी माझ्या डाव्या पायाला लहानपणी कुत्रा चावल्याचं लिहिलं होतं.

ते आमच्या चिकोंडे गावातल्या वन कार्यालयात कारकून आहेत. मी सरकारी शाळेत तिसरीला शिकवते. मुली दोघी बोर्डिंगला असतात, त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि तिसरी काळजी.

आमच्याकडे कोळसा पाडायला, वाहायला आणि विकायला परवाना लागतो. तो परवाना कुणाला मिळतो हे ग्रेशमनाही ठाऊक नाही, आणि परवान्यांची वही त्यांच्याच कपाटात असते. झाडं वाचली पाहिजेत हे मला कळत नाही असं समजू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा गावामागचा डोंगर हिरवागार होता. आता तो नुकतीच दाढी केल्यासारखा दिसतो. पण वीज दिवसातले आठ तास नसते. गॅस तिकडे ब्लांटायर शहरात मिळतो म्हणतात. भूक मात्र वेळापत्रक बघून लागत नाही. म्हणून गावात सगळ्यांकडे शेगडी आहे, सगळे कोळसा विकत घेतात आणि कुणीच तो घेत नाही.

जप्त केलेला कोळसा कार्यालयाच्या मागच्या अंगणात ठेवतात. तो विकला तर सरकारच बेकायदा धंदा करतंय असं होतं. जाळला तर हवा बिघडते, फुकट वाटला तर लोकांना सवय लागते. काय करावं असं विचारणारी फाईल राजधानीला जाऊन चौदा महिने झाले. पोती रचता रचता संडासाच्या दारापर्यंत आली तेव्हा सगळा कर्मचारीवर्ग निमूटपणे समोरच्या पोस्टात जायला लागला.

तर अशा या कार्यालयात ‘निर्धूर चूल अभियान’ आलं. राजधानीतून प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक विजेची चूल मिळाली, आणि तिच्यासोबत बारा पानांचा फॉर्म. बाकीच्यांनी पहिल्या पानावर नाव लिहून शेवटच्या पानावर सही ठोकली. आमच्या ह्यांनी स्वयंपाकघराची लांबी-रुंदी टेपनं मोजली. खिडकीला किती गज आहेत ते मोजले. मी भाजी चिरत होते तेव्हा सातव्या पानावर येऊन अडले.

“एस्नात, आज घरात कोळसा पेटवलास का?”

“आज नाही. आज वीज होती.”

“मग ‘नाही’ लिहितो. प्रश्न ‘आज’चाच आहे.”

 रोज आम्ही न्हाणीघरात शेगडी पेटवायचो. पुढच्या रस्त्यानं कार्यालयातली माणसं जातात, त्यांना धूर दिसू नये म्हणून. खिडकी उघडी टाकून, डोळे पुसत, बादलीवर बसून मी घेवडा शिजवायचे. पण मी म्हटलं, सरकारी कागद आहे, कोण वाचतंय.

कुणीतरी वाचला.

सोमवारी ग्रेशम दुपारीच घरी आले. टोपी हातात, कपाळावर घाम. मला वाटलं त्यांची आई गेली. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. दक्षिण विभागातल्या चारशे घरांतून आमचं घर ‘आदर्श निर्धूर घर’ म्हणून निवडलं होतं. गुरुवारी सकाळी अकराला उपसंचालिका श्रीमती न्यासुलू आणि अभियानाला पैसा देणाऱ्या देशाचे एक पाहुणे येणार होते. माझ्या हातचा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा आमचा रोजचा घट्ट गोळा, विजेच्या चुलीवर शिजताना ते बघणार होते.

“आपणच का?” मी विचारलं.

“पूर्ण भरलेला फॉर्म एकच होता,” ग्रेशम म्हणाले.

मी भिंतीवरचं वीजकपातीचं वेळापत्रक बघितलं. आम्ही ब गटात. गुरुवार, सकाळी सहा ते दुपारी दोन, वीज बंद.

काही वेळ दोघंही त्या कागदाकडे बघत राहिलो, जणू बघून बघून आकडे बदलतील.

मंगळवारी ग्रेशम वीज कार्यालयात गेले. तिथला बाबू सज्जन होता. म्हणाला, एका घरासाठी वेळापत्रक बदलता येत नाही, पण घर ब गटातून क गटात हलवता येतं. त्यासाठी तुमची तार दुसऱ्या खांबावर जोडावी लागेल. तो खांब लाकडी आहे आणि मध्ये एका झाडाच्या दोन फांद्या आहेत. फांद्या तोडायला वन खात्याचं परवानगीपत्र आणा, लगेच करतो.

“ते पत्र कोण देतं?” मी विचारलं.

“मीच देतो,” ग्रेशम म्हणाले. “पण त्याचे छापील फॉर्म मार्चमध्ये संपलेत.”

“मग साध्या कागदावर लिहून द्या की!”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी करायला सांगितलं होतं.

काचिंग्वे साहेब म्हणजे ग्रेशमचे वरिष्ठ, ते त्यांना आडनावानं हाक मारतात. त्यांना वेळापत्रक दाखवलं तर ते खूश झाले. “चिपेटा, उगाच घाबरू नका! आपल्याकडे जनरेटर आहे. गुरुवारी तुमच्या घरामागे ठेवू. डिझेल माझ्याकडून.”

“पण साहेब, अभियान निर्धूर आहे. जनरेटरला धूर येतो.”

“धूर घरामागे. घर निर्धूर. फॉर्ममध्ये घरामागचं काही विचारलंय का?”

ग्रेशमनी आठवून बघितलं. विचारलेलं नव्हतं.

राहता राहिली नाफिरीमावशी. तिचं घर आमच्या मागच्या कुंपणाला लागून आहे, पण दिवसभर ती आमच्या फाटकासमोर कोळसा विकायला बसते. तिथे रस्ता वळतो, गिऱ्हाईक थांबतं. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांनाही बंदी आहे आणि ती कोळसा त्याच पिशव्यांत बांधते. म्हणजे तिच्या पाटीवर मांडलेल्या प्रत्येक पिशवीत दोन गुन्हे एका गाठीत असतात. गेली सहा वर्षं आमचा कोळसा तिच्याकडूनच येतो. बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

“मावशी, उद्याचा दिवस इथे बसू नका.”

“का गं मास्तरीणबाई, कुणी मेलं का?”

“मोठे लोक येणार आहेत. कोळसा बंद करणारे.”

“येऊ देत की. मोठ्या लोकांना चहा लागत नाही?”

“मावशी, तुमचा माल जप्त करतील. आणि आमची नोकरी जाईल.”

ती पिशवीची गाठ मारता मारता थांबली. “तुझा नवरा गेल्या महिन्यात माझ्या भाच्याची सायकल कोळशासकट पकडून कार्यालयात घेऊन गेला. पावती दिली त्याला. ही एवढी लांब पावती. त्यात सायकलचा रंग पण लिहिला होता. आणि त्याच संध्याकाळी तू माझ्याकडून दोन पिशव्या नेल्यास. मी बोलले काही?”

मी तिच्या पाटीवरच्या पिशव्या सारख्या केल्या.

“नाही बोललात,” मी म्हटलं.

“उद्या मी माझ्या मागच्या अंगणात बसते,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी. त्याच्यासाठी नाही.”

गुरुवारी सकाळी नऊला जनरेटर हातगाडीवर आला. तो सुरू केल्यावर घराच्या खिडक्या थरथरायला लागल्या. न्हाणीघरातली शेगडी मी आदल्या दिवशीच मावशीकडे दिली होती, राख झाडली होती, भिंती दोनदा पुसल्या होत्या. तरी मला सगळीकडे काजळीच दिसत होती. ग्रेशम कोट घालून दारात उभे होते. दर पाच मिनिटांनी आत येऊन विचारायचे, “वास येतोय का गं?”

“कसला?”

“कोळशाचा.”

“आता तुम्ही सारखं विचारताय म्हणून यायला लागलाय.”

काचिंग्वे साहेबांनी आवाजावरही तोड काढून ठेवली होती. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं, मागे मक्याची चक्की आहे. साहेबांना वाटलं आपण फार हुशारी केली. पण आमच्या आळीतली चक्की तीन आठवडे बंद होती. इंजिनाचा आवाज ऐकून एक बाई डोक्यावर मक्याचं घमेलं घेऊन आली. मग दुसरी आली. साडेदहापर्यंत आमच्या मागच्या भिंतीशी अकरा बायका रांगेत बसल्या होत्या, आणि दोघींची नंबरावरून भांडणं चालली होती.

मी बाहेर जाऊन सांगितलं, “अहो, इथे चक्की नाहीये!”

“मग आवाज कसला येतोय?” पुढची म्हणाली.

 खरं उत्तर सांगायला बंदी होती, आणि खोटं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. त्या बसूनच राहिल्या.

अकराला कुणी आलं नाही. साडेअकरालाही नाही. साहेबांनी जनरेटर बंद करू दिला नाही. म्हणाले, पुन्हा सुरू झाला नाही तर? बाराला ग्रेशमनी भीत भीत डिझेलचा विषय काढला तर साहेब म्हणाले, “भरपूर आहे,” आणि दुसरीकडे बघायला लागले. 

बारा वाजून वीस मिनिटांनी दोन पांढऱ्या गाड्या आल्या. न्यासुलू मॅडम पन्नाशीच्या, उंच, चष्मा दोरीला अडकवलेला. कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबरचे परदेशी पाहुणे सारखे हसत होते आणि प्रत्येक वस्तूचा फोटो काढत होते. त्यांनी आमच्या खिडकीच्या गजांचाही फोटो काढला. मॅडमच्या हातात ग्रेशमचा फॉर्म होता. त्या तो उघडून खिडकीकडे बघत म्हणाल्या, “सात गज. बरोबर आहे.”

ग्रेशमना एवढा आनंद झालेला मी लग्नातही बघितला नव्हता.

“हा आवाज?” मॅडमनी विचारलं.

“चक्की, मॅडम,” काचिंग्वे साहेब म्हणाले. खिडकीतून घमेली घेतलेल्या बायका दिसतच होत्या. पाहुण्यांनी त्यांचाही फोटो काढला.

मी चुलीवर पातेलं ठेवलं. पाणी तापलं, थोडं पीठ घातलं, पातळ पेज रटरटायला लागली. आता अजून पीठ घालून जोर लावून घोटायचं, की न्सिमा तयार. मी पिठाची मूठ भरली आणि मागचं इंजिन खोकलं. एकदा. दोनदा. मग एकदम शांत झालं. इतकं शांत की बाहेरच्या रांगेतली बाई म्हणाली ते आत स्पष्ट ऐकू आलं, “घ्या! बंद पडली मेली!”

चुलीवरचा लाल दिवा विझला.

 काचिंग्वे साहेब छताकडे बघत होते. ग्रेशमचे ओठ हलत होते. प्रार्थना करत होते की फॉर्मचं सातवं पान आठवत होते, कोण जाणे. पाहुणे हसत पातेल्याकडे बघत थांबले होते. पेजेवरचे बुडबुडे एकेक करून बसत चालले. मला वाटलं, आपली नोकरी, सरकारी घर, मुलींची फी, सगळंच त्या बुडबुड्यांसारखं बसत चाललंय.

“आता पुढे?” मॅडमनी विचारलं.

मला स्वतःचा आवाज ऐकू आला. “आता हे मुरायला बाहेर ठेवायचं असतं, मॅडम. मोकळ्या हवेत.”

कुठल्याही घरात न्सिमा मोकळ्या हवेत मुरवत नाहीत. मॅडमना हे माहीत नसणं शक्य नव्हतं. पण मी पातेलं फडक्यात धरलं, पळी आणि पिठाचं भांडं काखेत मारलं आणि मागच्या दारानं निघाले. बायकांच्या रांगेसमोरून, कुंपणातल्या फटीतून, थेट नाफिरीमावशीच्या अंगणात. तिची शेगडी लालबुंद पेटलेली होती. तिच्यावरचं घेवड्याचं भांडं तिनं बाजूला केलं. मी पातेलं ठेवलं, आणि माझे हात असे कापायला लागले की पीठ निम्मं बाहेर सांडलं.

“अगं हळू! गुठळ्या होतील,” मावशी म्हणाली. मग माझ्या मागे बघून ओरडली, “ओ बाई, जरा लांब उभ्या राहा! ठिणगी उडेल, कपडे चांगले दिसतायत तुमचे!”

मी वळून बघितलं. कुंपणाच्या फटीत न्यासुलू मॅडम उभ्या होत्या. एकट्याच. त्यांच्या एका बाजूला कोळशाच्या बांधलेल्या पिशव्यांचा ढीग होता आणि दुसऱ्या बाजूला तीन भरलेली पोती.

 बसावं, पळावं की पाया पडावं, काही सुचेना.

मॅडमनी शेगडीकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं. मग पुढे आल्या, चष्मा पाठीवर टाकला आणि माझ्या हातातली लाकडी पळी काढून घेतली.

“सोडा, तुमचे हात कापतायत,” त्या म्हणाल्या, आणि पातेलं फडक्यानं दाबून धरत घोटायला लागल्या. सराईत हात होता. गुठळी राहिली नाही.

“जोर आहे की मनगटात,” मावशी म्हणाली. “कुठल्या तुम्ही?”

“राजधानीतून, लिलोंग्वेहून आलेय.”

“तिकडे वीज असते म्हणे चोवीस तास.”

“कोण म्हणतं? माझ्याकडे विजेच्या तीन चुली आहेत. तिन्हींवर मी फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्यात.” त्यांनी पळीवरचं पीठ निपटलं. “पोतं कसं देता?”

मावशीनं भाव सांगितला.

“एवढंच? आमच्याकडे याच्या दुप्पट आहे. दोन द्या.”

मावशीनं आता कुठे माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि ही बाई कोण असावी ते तिला कळलं. पण ती पक्की विक्रेती. म्हणाली, “गाडीपर्यंत उचलून द्यायचे वेगळे.”

मला हसू येत होतं आणि रडूही. सुटलो, असं वाटत होतं. तेवढ्यात ग्रेशम मला शोधत कुंपणातून आत आले. समोरचं दृश्य बघून ते जागीच खिळले.

“बरं झालं आलात, चिपेटा,” मॅडम म्हणाल्या. “दोन पोत्यांचा वाहतूक पास लिहा. गावाबाहेर तुमचं तपासणी नाकं आहे, तिथे उगाच खोळंबा नको.”

ग्रेशमनी खिशातून पेन काढलं आणि पुन्हा आत ठेवलं.

“चिपेटा?”

“मॅडम, पास लिहिता येणार नाही.”

मी डोळे मिटले.

“का?”

“परवाना क्रमांक लिहावा लागतो. तिसरा रकाना. मावशींकडे परवाना नाही.”

“तो रकाना सोडा.”

“रिकामा सोडता येत नाही, मॅडम,” ग्रेशम म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. पण बोलायचे थांबले नाहीत. “सोडला तर पास होत नाही. आणि मॅडम, अजून एक सांगायचंय. सातव्या पानावर मी ‘नाही’ लिहिलंय. ते त्या एका दिवसापुरतं खरं होतं. एरवी आम्ही कोळसाच वापरतो. न्हाणीघरात. आणि ती चक्की नव्हती.”

“चक्की नव्हती ते मला कळलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “डिझेलवर घरगुती चूल चालवणारे तुम्ही पहिलेच नाही.”

मग त्यांनी ग्रेशमकडे बघितलं. रागानं का कशानं, मला आजवर सांगता येत नाही. पोती त्यांनी नेली नाहीत. पळी माझ्या हातात दिली, हात झटकले, आणि पाहुण्यांकडे परत गेल्या. पाहुण्यांनी न्सिमा खाल्ला, छान म्हणाले, जाताना मागच्या बायकांना हात हलवला. गाड्या गेल्यावर काचिंग्वे साहेब ग्रेशमना म्हणाले, “मी तुम्हाला ओळखत नाही,” आणि जनरेटर घेऊन गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. पोस्टमन शाळेच्या फाटकाशी दिसला की खडू हातातून पडायचा. बदली होईल, निलंबन होईल, घर सोडावं लागेल. मी रात्रीची भांडी घासताना मनातल्या मनात सामान बांधत असे. कपाट आधी की पलंग? ग्रेशम मात्र शांत झोपायचे. एकदा मी चिडून म्हटलं, “तुम्हाला झोप तरी कशी लागते?”

“सातवं पान डोक्यातून गेलं ना,” ते म्हणाले.

“माझ्या डोक्यात आलंय ते!”

चौथ्या आठवड्यात फोन आला, तोही माझ्या फोनवर. न्यासुलू मॅडम होत्या. म्हणाल्या, “तुमच्या यजमानांना बोलावू नका, ते पुन्हा काहीतरी खरं बोलतील. ऐका. मी अहवालात लिहिलंय की चिकोंडेला वीज नसते तेव्हा चूल चालत नाही. एवढंच. पाहुण्यांच्या देशात हे वाचून सगळे चकित झालेत. अभियान तूर्त थांबवलंय. चुली परत मागवतील.”

“आणि आमचं काय, मॅडम?”

“तुमचं काय? तुमच्या घराचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे. तो कुठल्या कपाटात ठेवायचा हे कुणी ठरवलेलं नाही, म्हणून तो इथेच राहील.” मग जरा थांबून म्हणाल्या, “त्या मावशी मोबाईल वापरतात का?”

मी नंबर दिला. त्यांचं पुढे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

चुली परत नेणारी गाडी पुढच्या महिन्यात आली, आणि गावातल्या कर्मचाऱ्यांचा सगळा राग ग्रेशमवर निघाला. चूल चालत नसली म्हणून काय झालं? कुणी तिच्यावर टीव्ही ठेवला होता, कुणी ती बायकोच्या माहेरी देऊन मोठेपणा मिळवला होता. वनरक्षक काम्वेन्दो हा आमच्या लग्नात नाचलेला माणूस, पण त्यानं तर बोलणंच टाकलं. त्याच्या बायकोनं चुलीच्या खोक्यात कोंबडी बसवली होती आणि अंडी फुटायला चारच दिवस राहिले होते. परत करतानाही फॉर्म होता, सहा पानांचा. ‘परत करण्याचं कारण’ या रकान्यात सगळ्यांनी एकच लिहिलं: चिपेटा.

कार्यालयात कुणी ग्रेशमशी बोलेना. डबा ते एकटेच खायचे. घरी येऊन काही सांगायचे नाहीत, नुसतं बुटांवरची धूळ पुसत बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांची कीवही यायची.

एका शनिवारी दुपारी वीज नव्हती. मी न्हाणीघरात शेगडी पेटवायला घेतली. धूर डोळ्यांत गेला, ठसका लागला, आणि एकाएकी मला तिथे बसवेना. आता कुणापासून लपवायचं? सगळ्या गावाला माहीत आहे, राजधानीला माहीत आहे, परदेशात माहीत आहे. मी शेगडी उचलली आणि पुढच्या अंगणात, भर रस्त्यासमोर आणून ठेवली. पुठ्ठ्यानं वारा घालायला लागले. ग्रेशम दारात आले. बघितलं. आतून स्टूल आणून माझ्याशेजारी बसले. 

घेवडा उकळायला लागला तोच रस्त्यावर सायकलची घंटा वाजली. काम्वेन्दो. अंगावर गणवेश, खांद्यावर बिल्ला, मागच्या कॅरिअरवर पावतीपुस्तक. तो फाटकाशी थांबला. सायकल भिंतीला लावली आणि आत यायला लागला.

माझा हात थांबला. वाटलं, आता हा सूड घेणार. शेगडी उचलून नेणार, वर ग्रेशमना दंड. ग्रेशम उठून उभे राहिले. “काम्वेन्दो, पावती लिहायची असेल तर नीट लिही,” ते हळूच म्हणाले. “शेगडीचा एक पाय वाकडा आहे, तेही लिही.”

काम्वेन्दो शेगडीकडे बघत उभा राहिला. घसा खाकरला. मग पिशवीतून दुधाचा रिकामा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला.

“वहिनी, थोडा विस्तव द्याल का?” तो म्हणाला. “सकाळपासून वीज नाही, घरी काड्यापेटी दमट झालीय. बायको वाट बघतेय.”

मी चिमट्यानं दोन मोठे निखारे डब्यात टाकले. तो ग्रेशमकडे न बघताच म्हणाला, “सोमवारी डबा माझ्याबरोबर खा, एकटा काय बसतोस,” आणि निघाला. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात डबा. वळणापर्यंत त्याच्या गणवेशामागे धुराची बारीक रेघ जात होती, आणि मंगळवारी तपासणी नाक्यावर कोळसा पकडायला याचीच ड्यूटी आहे, असं ग्रेशम म्हणाले.